वीस अंशांचं पाणी

माझे सासरे काकुझो इवासे यांनी आयुष्यभर वामी पाळल्या आणि एकही वाम जन्माला येताना पाहिली नाही. त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता. आमच्या हामाना सरोवराच्या काठावर वामीची दीडशे तळी होती, पण ज्याने वामीचं अंडं पाहिलं आहे असा एकही माणूस नव्हता. वाम अंडी घालायला दूर दक्षिणेच्या समुद्रात जाते, तिथेच मरते, आणि तिची पिल्लं हिवाळ्यात प्रवाहाबरोबर आमच्या नदीच्या मुखाशी येतात. बोटभर लांब, काचेसारखी आरपार दिसणारी. ती पकडायची, तळ्यात सोडायची, वाढवायची आणि विकायची, एवढाच आमचा धंदा.

पिल्लं पकडायची म्हणजे जानेवारीच्या काळोखात, भरतीच्या वेळी, कंबरभर पाण्यात दिवा घेऊन उभं राहायचं. गावातले तरणे पुरुष हेच करतात. माझा नवरा हारुमिचीही करायचा. त्या दिवशी त्याला ताप होता. मी म्हटलं, आज राहू दे. बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "ताप कसला? पाण्यात उभा राहिला की आपोआप उतरेल. भरती काय रोज अशी येते?" हारुमिची हसला आणि गेला. लाट आली, त्याच्या रबरी विजारीत पाणी शिरलं, आणि तो तिसऱ्या दिवशी सापडला. चौतिसाव्या वर्षी.

दारातल्या त्या बोलण्याचा आमच्या घरात पुन्हा कधी उच्चार झाला नाही. माझी सासू तोवा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिने काढलं नाही, मी काढलं नाही. बाबा तर रडलेही नाहीत. एकोणपन्नास दिवसांचे विधी झाले आणि पन्नासाव्या दिवशी ते सायकल काढून सरोवराकाठच्या संशोधन केंद्रात गेले. तिथल्या मुनाकाता सरांना म्हणाले, "तुम्ही टाकीत वामीची पिल्लं करता म्हणे. किती दिवस लागतील?"

सर भला माणूस. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि खरं सांगितलं. उत्तरेकडे एका विद्यापीठात वीस वर्षांपूर्वी पिल्लं निघाली होती, पण आठवडाभरात मेली. आमच्या केंद्रात अजून एकही निघालेलं नाही. शिवाय तळ्यात वाढलेल्या वामी जवळजवळ सगळ्या नर होतात, त्यामुळे मादी मिळण्यापासूनच रड आहे. बाबांना हे फार लागलं. घरी येऊन ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी ज्यांना पोरी समजून खाऊ घातलं ते सगळे बाप्येच निघाले. आणि मला कुणी सांगितलं नाही."

पण ते चिवट होते. तळ्यातल्या वामीला मादी करायची असेल तर ती लहान असतानाच तिच्या खाण्यात मादीचं हार्मोन मिसळावं लागतं, एवढं कळल्यावर त्यांनी आपलं सगळ्यात लहान तळं सरांना देऊन टाकलं. केंद्रातून पुडी यायची, बाबा ती माशांच्या लगद्यात आपल्या हाताने कालवायचे. ह्या वामी बाजारात जाणार नव्हत्या, तरी गाव हसलं. काकुझोने मुलींची शाळा काढली म्हणून हसलं. तळेवाल्यांच्या बैठकीत एकाने विचारलं, हे औषध माणसाच्या पोटात गेलं तर काय होईल? बाबा त्याच्या ढेरीकडे बघून म्हणाले, "तू कशाला घाबरतोस? तुला आधीच सहावा लागलाय."

मला केंद्रात त्यांनीच चिकटवलं. सरांना मदतीला माणूस हवा होता आणि मी घरात बसून भिंतीकडे बघत होते. सुरुवातीला भांडी घासायची, पाणी तपासायचं. वर्षभरात सुई टोचायला शिकले. तेव्हापासून दर मंगळवारी मी वामींना टोचायचे आणि त्यांच्याविषयी जे कळलं ते ऐकून बायका तोंडाला पदर लावतील.

वाम आपणहून वयात येत नाही. दहा वर्षं तळ्यात ठेवा, मनगटाएवढी होईल, पण पोटात अंडं धरणार नाही. तिच्या मेंदूखालची ग्रंथी झोपलेलीच राहते, जणू समुद्र दिसल्याशिवाय जागी होणार नाही असं तिने ठरवलेलं असतं. मग तिला फसवायचं. सॅमन माशांच्या डोक्यांतून तीच ग्रंथी काढायची, वाळवायची, खलात कुटायची, मिठाच्या पाण्यात कालवायची आणि आठवड्यातून एकदा वामीच्या पाठीत टोचायची. दहा-बारा आठवडे. नरांचं निराळं. त्यांना गरोदर बायकांच्या लघवीतून काढलेलं औषध लागतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सरांना म्हटलं, म्हणजे कुठल्याही जातीचा नर घ्या, बायकांनी खस्ता खाल्ल्याशिवाय तो कामाला लागत नाही. सर लाजून सूक्ष्मदर्शकात बघायला लागले.

टोचायला लागल्यापासून मादी काही खात नाही. तिचं आतडं सुकून दोऱ्याएवढं होतं, डोळे मोठे होतात, पाठ काळी पडते, आणि पोट तेवढं फुगत जातं. बाबा दर मंगळवारी यायचे, कारण वाम धरावी तर त्यांनीच. दाबायची नाही, आवळायची नाही, ओल्या फडक्यात नुसती टेकवून घ्यायची. त्यांच्या हातात ती निजल्यासारखी पडायची. पण तिला उपाशी ठेवणं त्यांना बघवत नसे. आणि त्याहून बघवत नसे ते पाणी. तळ्यातलं पाणी अठ्ठावीस-तीस अंश ठेवायचं हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. थंडीचा वारा सुटला की आमच्या गावातला प्रत्येक तळेवाला झोपेतून उठून आधी बंब वाढवतो, मग आपल्या अंगावर पांघरूण घेतो. केंद्रातलं पाणी मात्र वीस अंश. अंडी धरणाऱ्या मादीला वीसच. बाबा टाकीत पंजा बुडवायचे आणि म्हणायचे, "गारठलीय बिचारी." सर समजावायचे की ती समुद्राच्या वाटेवर आहे, तिला असंच हवं. बाबा मान हलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा टोचून झाल्यावर आम्ही दोघं केंद्राच्या पायरीवर भाताचे मुटके खात बसलो होतो. बाबा समोर बघत म्हणाले, "एकदा टाकीत पिल्लं व्हायला लागली ना, की कुणाच्याच पोराला त्या पाण्यात उभं राहावं लागणार नाही." एवढंच. सहा वर्षांत त्या विषयावर ते एवढंच बोलले. मला तेव्हा कळलं की हा म्हातारा पिल्लांच्या नाही, दुसऱ्याच कशाच्या तरी मागे आहे. जे बोलून गेला ते त्याला परत घ्यायचं होतं. आणि मला त्यांची दया आली. रागही होता, नव्हता असं कशाला म्हणू, पण दया जास्त होती.

सहा वर्षांत काय काय झालं ते सांगत बसत नाही. काही माद्या सुया टोचून मेल्या, काहींनी पोट फुगवलं पण अंडी दिली नाहीत, काहींनी दिली ती पाण्यात पडताच पांढरी झाली. सातव्या हिवाळ्यात वरून हुकूम आला की मार्चपर्यंत एकही पिल्लू निघालं नाही तर वामींचं काम बंद. तेव्हा आमच्याकडे अकरा माद्या होत्या. जानेवारीच्या मध्यापर्यंत दहा गेल्या. उरली एक, एकतीस नंबरची. बाबांच्या तळ्यातली, बाबांच्या हातचं खाऊन वाढलेली. बाबा बहात्तर वर्षांचे झाले होते आणि नवीन पिल्लाला त्या वयाची करायला आणखी चार वर्षं लागली असती.

एकोणीस जानेवारीला दुपारी सरांनी तिच्या पोटातून बारीक नळीने दोन-चार अंडी काढून पाहिली. पाहतच राहिले. मग मला म्हणाले, "फुसाएबाई, हिची वेळ झाली. आजच शेवटचं इंजेक्शन." तो शेवटचा हार्मोन अंडं पिकवून मोकळं करतो. वीस अंशांच्या पाण्यात साधारण सतरा तासांनी. मोकळी झालेली अंडी तासाभरात पिळून काढावी लागतात, नाहीतर पोटातल्या पोटात नासतात. आणि इंजेक्शन उद्यावर ढकललं तर अंड्याचीच वेळ टळते.

वीस जानेवारी म्हणजे हारुमिचीचं सातवं वर्षश्राद्ध. त्याला जाऊन सहाच वर्षं झाली होती, पण आमच्यात गेल्याचा दिवसही मोजतात. आमच्यात असे विधी एखादा दिवस आधी उरकले तर चालतात, उशिरा केलेले चालत नाहीत. गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवल्यासारखं होतं. आणि आधी करायला आता दिवसच उरला नव्हता. पुजारीबुवा सकाळी दहाला येणार, नातेवाईक जेवून बाराला जाणार. मी हिशेब केला. रात्री साडेआठला टोचलं तर दुपारी दीडला अंडी मोकळी होतील. आम्ही एक वाजता हजर असू. सरांना सणसणून ताप भरला होता. ते म्हणाले की मीही दुपारीच येतो, तोवर टाकीला कुणी हात लावू नका, तिला शांत पडू द्या.

साडेआठला आम्ही टोचलं. बाबांनी तिला नेहमीसारखं ओल्या फडक्यात टेकवून घेतलं होतं. बाहेर कोरडा वारा घोंघावत होता, खिडक्या वाजत होत्या. मी सुई आणि खल धुवायला मागे गेले. परत आले तर बाबा अस्तनी वर करून टाकीशी उभे, हात कोपरापर्यंत ओला. मला वाटलं, तिला निरोप देतायत. ते म्हणाले, "उद्या त्याच्यापुढे उदबत्ती लावताना सांगायला काहीतरी असेल." सायकलवरून घरी येताना ते वाऱ्यातही काहीतरी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं नीट पार पडलं. पुजारीबुवांनी मंत्र म्हटले, आम्ही एकामागून एक उदबत्त्या लावल्या. बाबा हारुमिचीच्या फोटोसमोर जरा जास्त वेळ बसले. जेवताना त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या एका फालतू विनोदावर मोठ्याने हसून त्याला दोनदा दारू वाढली. तोवाआई माझ्याकडे बघत राहिली. ह्या घरात तो आवाज तिने सहा वर्षांत ऐकला नव्हता. साडेबाराला आम्ही दोघं निघालो. बाबा पुढे, बहात्तर वर्षांचा माणूस, मला सायकलवर गाठता येईना.

दार उघडताच वास आला. टाकीवर फेस होता. वाम एका कुशीवर पडून नुसते कल्ले हलवत होती आणि तळाशी अंड्यांचा थर साचला होता. चांगलं अंडं शिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक असतं आणि वर तरंगतं. ही भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी पांढरीफटक होती.

मी थर्मामीटर पाहिला. चोवीस.

बंबाचं बटण वीसवर असायचं, ते चोवीसवर होतं. मला एका क्षणात सगळं दिसलं. वारा सुटला होता, उद्या पोराचं वर्षश्राद्ध होतं, आणि तिच्या टाकीतलं पाणी गार लागलं. चाळीस वर्षं ज्या हाताने थंडी पडली की बंब वाढवला, त्या हाताने तो वाढवला. कदाचित त्यांना कळलंही नसेल. त्या हाताला ते गार पाणी वीस अंशांचं वाटलंच नसेल, त्याला ते नदीच्या मुखाशी असतं ते पाणी वाटलं असेल. चार अंशांनी तिची अंडी सकाळीच पिकली. आम्ही उदबत्त्या लावत होतो तेव्हा.

बाबा टाकीवर वाकलेले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बटण वीसवर आणलं.

आम्ही उरलेली अंडी पिळली. बाबांनी तिला धरलं, मी पोटावरून हात फिरवला. धाग्याधाग्यांनी बाहेर आली, गढूळ. तरी नरांचं पाणी घातलं, हलवलं, समुद्राच्या पाण्यात सोडलं आणि वाट बघत बसलो. चारच्या सुमाराला सर आले, गळ्यात मफलर, डोळे लाल. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. एकाही अंड्याचे दोन भाग झाले नव्हते. वाम तोवर मेली होती. तिचं तेवढंच आयुष्य उरलेलं असतं, अंडी चांगली निघाली असती तरी ती मेलीच असती.

बाबांनी विचारलं, "असं कसं झालं?"

तो प्रश्न त्यांनी सरांना विचारला होता. सर भिंतीवरच्या यंत्राकडे गेले. टाकीचं तापमान त्यात कागदावर रेघेने उमटत राहतं. मला ठाऊक होतं त्या रेघेत काय दिसणार. साडेआठनंतर वर गेलेली आणि एक वाजता खाली येऊ लागलेली. सर काही बोलायच्या आत मी म्हटलं, "माझं चुकलं. औषध दुप्पट भरलं गेलं. काल माझं लक्ष घरच्या कामात होतं."

सरांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तो कागद फाडून घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली. "होतं असं कधीकधी," ते म्हणाले. दुप्पट औषधाने वाम तीन-चार तास आधी पिकत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी हे का केलं, ते मोठेपणा म्हणून सांगत नाही. ह्या माणसाने एक पोर आपल्या तोंडाने पाण्यात पाठवलं होतं. त्याची भरपाई करायला सहा वर्षं जीव टाकला, आणि घास हातातोंडाशी आल्यावर तोही आपल्याच हाताने सांडला. हे त्यांना कळलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी उठले नसते. मला एका घरातून दुसरी तिरडी काढायची नव्हती, इतकंच.

ते मला रागावले नाहीत. जेवायला बसलो, तोवाआईने सकाळचंच पुन्हा गरम करून वाढलं. बाबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि अगदी शांतपणे, जणू भाताबद्दल बोलताहेत तसं, मला म्हणाले, "त्या दिवशीही तुझं लक्ष नव्हतं. ताप होता त्याला. बायको ना तू त्याची? एका शब्दाने अडवलं असतंस तर राहिला असता."

तोवाआईच्या हातातला वाडगा थांबला. तिने तोंड उघडलं. मी मेजाखाली तिचा गुडघा घट्ट धरला.

"हो बाबा," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं. आज माझी एक चूक कबूल झाली, तर दुसरीही माझीच असणार. सहा वर्षं दारातलं ते बोलणं त्यांनी छातीवर वागवलं होतं आणि मी आपणहून पुढे होऊन ते उतरवून घेतलं. मी वाचवायला गेले होते ते त्यांचं आजचं मन. त्यांनी माझ्याकडून तो जुना दिवसही घेतला. माझ्याकडे तेवढंच होतं. मी त्याला जाऊ नको म्हटलं होतं, ही एक गोष्ट उराशी धरून मी सहा वर्षं जगले होते.

बाबांनी काड्या उचलल्या आणि सगळा भात संपवला. त्या रात्री ते गाढ झोपले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तोवाआईला त्यांचं घोरणं ऐकू आलं.

मार्चमध्ये काम बंद झालं. सरांनी मला दुसऱ्या विभागात, शिंपल्यांकडे घेतलं. बाबा आणखी नऊ वर्षं जगले. तळी विकून टाकली, काठीने फिरायचे, तब्येत चांगली होती. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. कुणी पाहुणा आला आणि हारुमिचीचा विषय निघाला, की बाबा म्हणायचे, सून चांगली आहे हो, पण तिने त्याला अडवायला हवं होतं. मी चहा ओतत असायचे. पाहुणा माझ्याकडे बघायचा. गावात मग ते तसंच रूढ झालं, आणि बायका माझ्याशी बोलताना जानेवारीचा विषय टाळायला लागल्या.

त्यांचे एकोणपन्नास दिवस झाले त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तोवाआई आणि मी भांडी पुसत होतो. ती म्हणाली, "मी सगळं ऐकलं होतं, फुसाए. त्यांनीच पाठवलं होतं त्याला. आता सांगू का मी लोकांना? आता काय होणार आहे त्यांना?"

मी म्हटलं, "लोकांना सांगून काय करू, आई? मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

तिने पुढचा वाडगा पुसायला घेतला. वाडगे पुष्कळ होते, ते पुसून होईपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या होतो.